त्या ग्लासात काय होतं

मी गाव सोडलं ते दुधाच्या टेम्पोत बसून. आमचं गाव इगतपुरीच्या अलीकडे, डोंगराच्या पोटात. तेव्हा एसटी फाट्यापर्यंतच यायची, म्हणून कुणाला घोटीला जायचं असलं की सकाळी निवृत्तीमामांच्या टेम्पोला हात करायचा. ते वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीत पोचवायचे. मागं कॅन आणि कॅनच्या मधल्या फटीत माणसं. मीही दोन कॅनच्या मध्ये अंग चोरून बसले होते. मांडीवर कपड्यांची पिशवी, पिशवीत मावशीसाठी नागलीच्या पिठाचं पुडकं. नाशिकचे दुकानदार जिला नाचणी म्हणतात तीच आमची नागली.

आई मागच्या फळीला हात लावून उभी होती. म्हणाली, "मावशीला तरास देऊ नको, सुमे. तिकडं दोन टाईम पोटभर मिळंल." घरी दोन टाईम पोटभर का मिळत नव्हतं, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिच्या पदराला धरून माझा धाकटा भाऊ दत्तू उभा होता. नुकताच उठून आला होता. त्याच्या वरच्या ओठावर चॉकलेटच्या दुधाची तपकिरी मिशी होती. माझ्याशी बोलता बोलताच आईनं ती अंगठ्यानं पुसली.

टेम्पो पहिल्याच खड्ड्यात आदळला, एका कॅनचं झाकण उचकटलं आणि माझ्या मनगटावर दूध सांडलं. मी ते चाटून टाकलं. निवृत्तीमामा आरशातून बघत होते. "ए पोरी, डेअरीवाला माझ्याकडून माप भरून घेतो हां," म्हणाले आणि हसले. मी नाही हसले. त्या कॅनमध्ये आमच्याच म्हशीचं दूध होतं.

आता मी नाशिक रोडला राहते. जेलरोडला माझं शेकचं दुकान आहे. आधी हातगाडी होती, आता गाळा आहे. इतकी वर्षं गावात माझं नाव फारसं कुणी काढत नव्हतं. लग्नाकार्याला बोलवायचे, मी जायचे, जेवून परत यायचे. आई गेल्यापासून मात्र माझं नाव रोज निघतं. सुमीनं लकवा झालेल्या म्हातारीला चॉकलेट पाजलं. भाऊ भेटायला आला तर त्याला हाकललं. म्हातारी त्यातच गेली. दहाव्याला एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, "पोटच्या पोरीनं आईला गाडीवरचं पाजावं का गं?" मी तिला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे मी त्या बाईसाठी लिहितेय आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी. शिवाय ज्या पोरी माझ्यासारख्याच पिशवी घेऊन गावाबाहेर पडल्या, कुणी नाशिकला, कुणी ठाण्याला, कुणी त्याच्याही पलीकडे, त्यांच्यासाठी. माफी मागण्यासाठी लिहीत नाही. मी कुणाची माफी मागणार नाही, माझी कुणी मागितली तर बघू. मी फक्त त्या ग्लासात काय होतं ते सांगणार आहे. पण त्यासाठी आधी आमच्या घरातल्या दुधाचं सांगावं लागेल.

वडील आधीच गेले होते. आमची एकच म्हैस. तिचं दूध डेअरीला जायचं. घरात एक ग्लास राहायचा, तो दत्तूचा. दत्तू जन्मला तेव्हा अशक्त होता. इगतपुरीच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, पोराला ताकदीचं काहीतरी द्या. तेव्हापासून घरात चॉकलेटच्या पावडरीचा डबा येऊ लागला. डब्यावर गोऱ्या, हसऱ्या मुलाचं चित्र होतं. तो डबा भाताच्या कणगीवर ठेवलेला असायचा, माझा हात पोचणार नाही अशा उंचीवर. त्याला घरात दत्तूचा डबा म्हणायचे. पुढे दत्तू चांगला गुबगुबीत झाला, बांधावरून उड्या मारायला लागला, तरी तो अशक्तच राहिला. डॉक्टर एकदा बोलले ते बोलले.

दत्तूचा ग्लास भरून झाला की दुधाच्या पातेल्यात आई पाणी घालायची. कडेला चिकटलेली साय बोटांनी सोडवून घ्यायची, पातेलं खळबळायची, त्यात भाजलेल्या नागलीचं पीठ आणि गुळाचा खडा घालून चुलीवर एक चटका द्यायची. हे धुवण. आमच्याकडे त्याला दुसरं नाव नव्हतं. आई चुलीकडे तोंड करून हे सगळं करायची आणि मग हाक मारायची, "सुमे, धुवण घे." पातेलं माझ्या हातात यायचं तेव्हा तळाशी थोडंसंच असायचं. मला वाटायचं, धुवण एवढंच निघतं.

मावशीकडे मला पोटभर मिळालं, हे खरं. तिचे यजमान प्रेसमध्ये होते, नोटा छापतात त्या प्रेसमध्ये, आणि कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. मावशीची मुलं सांभाळायची, भांडी करायची, पडेल ते काम करायचं. शाळेचं नाव गावातच राहिलं. मुलं मोठी झाल्यावर मी स्टेशनजवळच्या एका ज्यूसच्या दुकानात ग्लास विसळायला लागले. तिथंच मला कळलं की शहरातली माणसं साखरेचं पाणी आणि रंग ग्लासात घालून वर बर्फ टाकला की खुशीत पितात. आणि तिथंच मला भांडायची सवय लागली. मालक म्हणायचा, "सुमन, गिऱ्हाईकाशी गोड बोल." मी म्हणायचे, "शेठ, गोड तुमच्या सरबतात आहे, तेवढं पुरे."

लग्न झालं. आमचे हे रिक्षा चालवतात आणि माझ्यासमोर कमी बोलतात, म्हणून आमचं जमलं. मी हातगाडी टाकली ती एका व्यायामशाळेसमोर. पोरं घाम पुसत बाहेर यायची, हातात मोठाले डबे. डब्यांवर फुगलेल्या दंडांची चित्रं. मला दत्तूचा डबा आठवायचा आणि डोक्यात तिडीक जायची. एक दिवस मी एका पोराला विचारलं, "काय आहे रे त्यात?" म्हणाला, "ताकद आहे आक्का." म्हटलं, "उद्या ये. तुला ताकद दाखवते."

दुसऱ्या दिवशी त्याला दिला तो माझा पहिला नागलीचा चॉकलेट शेक. तो पोरगा आता दोन मुलांचा बाप आहे, मुलांना घेऊन येतो आणि अजून घासाघीस करतो. त्याला म्हणते, "तुझे दंड माझ्या नागलीचे आहेत, गप पैसे काढ."

तर कृती सांगते. दहाव्याला बोलणाऱ्या बाईनं नीट वाचावं.

नागली आधी निवडायची. घोटीच्या बाजारात मी ती स्वतः घेते, आमच्याच बाजूच्या बायकांकडून. त्या मला ओळखतात. "आली भांडखोर," असं एकमेकींना डोळ्यांनी सांगतात. मी मूठभर नागली तळहातावर घेऊन फुंकर मारते. "हा कचरा मी नाशिकला नेऊन काय करू?" "कचरा नाय आक्का, फोलपाट हाय. तू काय नागली पाहिली नाय का कधी?" "पाहिली म्हणूनच म्हणते. वर दोन मुठी टाक." ती एक टाकते, मी दुसरीसाठी हात धरून ठेवते. शेवटी टाकतेच. नागली धुऊन रात्रभर भिजवायची, फडक्यात घट्ट बांधायची, मोड आले की सावलीत वाळवायची. उन्हात नाही, कडू होते. मग मंद आचेवर खरपूस भाजायची, दळायची आणि मलमलीतून गाळायची. हे सत्त्व.

खजूर कोमट पाण्यात भिजवून बिया काढायच्या. शेंगदाणे भाजून, साल पाखडून घ्यायचे. सत्त्व थोड्या पाण्यात कालवून दुधात शिजवायचं, गाठ होऊ द्यायची नाही, चमच्याच्या मागच्या बाजूला थर धरला की उतरवायचं. गार झालं की मिक्सरमध्ये खजूर, दाणे, बिनसाखरेचा कडू कोको, पिकलेलं वेलची केळं आणि किंचित जायफळ. चिमूटभर मीठही, त्यानं कोकोची चव वर येते. साखर नाही, रंग नाही, डब्यातली पावडर नाही. आईसाठी मी तो दोनदा गाळायचे, दाण्याचा कणसुद्धा घशात अडकू नये म्हणून.

हे होतं त्या ग्लासात.

आईला लकवा झाला तो भाताच्या लावणीच्या दिवसांत. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दत्तूनं तिला आधी घोटीला दाखवलं, मग नाशिकच्या दवाखान्यात ठेवलं, आणि तिथून सोडल्यावर थेट माझ्या दारात आणलं. जीपमधून उतरायच्या आधीच म्हणाला, "आक्का, दवाखाना तुझ्या जवळ हाय. गावात कोण बघणार? माझी ड्यूटी असती." दत्तू घोटीजवळच्या गोंदे गावात एका कंपनीत आहे. म्हटलं, "आण आत. माणूस आहे, गोणी नाही, नीट धर." मला राग आला होता, पण तो आईला ठेवून घ्यायचं की नाही याबद्दलचा नव्हता. आईच्या पिशवीत दोन लुगडी आणि एक चादर होती. मी गाव सोडून आले तेव्हा माझं होतं तेवढंच सामान.

डॉक्टरांनी बजावलं होतं, गिळताना ठसका लागतो, पाण्यासारखं पातळ देऊ नका, घट्टसर द्या, बसवून द्या, चमच्यानं द्या. आणि पोटात पुरेसं गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव काढल्यावर आईनं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. तिला सगळं बोलता येत नव्हतं, पण कळत होतं. निदान तेव्हा कळत होतं. दिवस चढला की तिचं मन मागं जायचं. मग माझी खोली तिला गावचं घर वाटायची आणि दत्तू लहान असायचा.

मी डॉक्टरांशी घासाघीस केली. "आठवडा द्या." "ताई, ही भाजी नाही." "म्हणून तर मागते. भाजीला मी एवढं बोलत नाही." ते हसले आणि म्हणाले, वजन उतरलं नाही तर बघू.

मला खात्री होती. घट्टसर, पौष्टिक, चमच्यावरून सावकाश उतरणारं, असं माझ्याकडे होतंच की! मी आयुष्यभर तेच विकत आले होते. मी मोठ्या उत्साहानं शेक केला, स्टीलचा पेला काठोकाठ भरला आणि आईसमोर धरला. खरं सांगायचं तर मला तिला दाखवायचं होतं. बघ, तुझ्या धुवणाचं मी काय केलं. बघ, यात दूध आहे, पाणी नाही.

कोकोचा वास आला आणि आईनं ओठ मिटून घेतले. नजर दाराकडे गेली. "दत्तू," म्हणाली.

"दत्तू गोंद्याला आहे आई. हे तुझं आहे."

"दत्तूला."

मी चमचा ओठाला लावला, तिनं मान फिरवली. मी चिडले. "अगं, त्याचं पोट सुटलंय आता! त्याला पिऊन काय करायचं?" आमचे हे बाहेरून म्हणाले, "अगं, हळू." आईच्या डोळ्यांत भीती होती, मी काहीतरी चोरून घेतलं आणि तिला चोरीचा माल खायला घालतेय अशी. कणगीवरच्या डब्याला मी हात लावायला गेले की ती जशी बघायची, तशीच.

नुसतं दूध दिलं, तेही नाही. पेजेनं ठसका लागायचा. दोन दिवस जवळजवळ उपाशी गेले. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिक्सरचं भांडं विसळत होते. आईची खाट तिथून समोर दिसते. भांड्यात पाणी घालून मी खळबळलं, आणि मागून आवाज आला.

"धुवण."

इतक्या दिवसांत तो पहिला शब्द होता जो तिनं मागण्यासाठी उच्चारला. मी वळून पाहिलं. तिनं डावा हात पुढे केला होता.

मी मूर्ख नाही. बाजारात समोरच्याचा डोळा कुठं अडकलाय ते मला पहिल्या झटक्यात कळतं. मी पाणी ओतून दिलं, माळ्यावरचं जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं काढलं, राहिलेला सगळा शेक त्यात ओतला, पळीनं उगाच कडा खरवडल्याचा आवाज केला. पातेलं घेऊन खाटेपाशी बसले आणि म्हणाले, "दत्तूनं पिला आई. त्याचं झालं. हे धुवण हाय."

तिनं तोंड उघडलं.

एक चमचा, दुसरा, तिसरा. ठसका नाही. डोळे मिटून ती गिळत होती. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण माझ्या आईला माझ्या घरात, माझ्या कमाईचं दूध पाजायला मला दत्तूच्या नावाची चिठ्ठी लावावी लागली, हे मी तुम्हाला सांगून ठेवते. हे कडू होतं. कोकोपेक्षा कडू होतं.

पातेलं अर्ध्यावर आलं आणि ती थांबली. मी चमचा पुढे केला तर तिनं माझा हात बाजूला सारला आणि म्हणाली, "सुमी."

"मी इथंच आहे."

"सुमीला." आणि पातेल्याकडे बोट दाखवलं.

मला कळायला वेळ लागला. चुलीकडे तोंड करून बसलेली तिची पाठ मला आठवली. पातेलं खळबळणं, मग मधला तो थोडासा वेळ, मग हाक. पातेलं हातात यायचं तेव्हा तळाशी थोडंसंच. धुवण तेवढंच निघत नव्हतं. धुवण तिचं होतं. त्यातलं अर्धं पिऊन ती अर्धं मला द्यायची.

आता तुम्ही म्हणाल, झालं, पोरीला आईची माया कळली, राग गेला. नाही गेला. त्या घरात रोज एक ग्लास दूध होतं आणि पिणारी तोंडं तीन होती. ज्या बाईला धुवणाचे दोन वाटे करता येत होते, तिला दुधाचे तीन करता आले असते. तिनं केले नाहीत. तिनं स्वतःवर अन्याय केला म्हणून माझ्यावरचा कमी होत नाही. पण त्या दिवसापासून मला तिच्यावर एकटीवर रागावता येईना. रागाला जोडीदार लागला, आणि तो जोडीदार कोण ते पुढे येतंच.

अर्ध्या पातेल्यावर आई जगणार नव्हती. मी सांगून पाहिलं, "माझं झालंय आई, मी पिले." तिला पटलं नाही. तिनं अंगठा पुढे आणला आणि माझ्या वरच्या ओठावरून फिरवला. कोरडा. तिनं पातेल्याकडे बोट दाखवलं. बाजारात मी मापाखाली बोट घालून बघते ना, तशीच ही तपासणी होती. माझी घासाघीस कुठून आली ते मला त्या दिवशी समजलं.

मग मी दोन पेले शेक करू लागले. आधी तिच्यासमोर बसून माझा प्यायचा, ओठ पुसायचा नाही. मग तिचा अंगठा यायचा, माझी मिशी पुसायचा, आणि मग ती निवांत प्यायची, सगळं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवे लागायच्या आधी एकदा. माझं वजन वाढलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "सुमनताई, आजारी कोण आहे नक्की?" डॉक्टरांनी तिला तपासलं, काट्यावर घेतलं आणि नळीचं नाव काढलं नाही. म्हणाले, "काय देता?" मी सांगितलं. म्हणाले, "चालू ठेवा."

ते दिवस चांगले होते. लिहायला संकोच वाटतो, पण माझ्या आयुष्यात आईनं माझा ओठ पुसला तो तेव्हा. दिवसातून तीनदा.

आणि मग दत्तू आला.

त्याची सुट्टी होती. दुपार होती, मी माझा पेला संपवला होता, आईनं मिशी पुसली होती, आणि पहिला चमचा भरायच्या आत तो दारात उभा. हातात हेल्मेट, घामाघूम. "आक्का, लय ऊन गं. आई, कशी हायेस?" आईनं त्याच्याकडे पाहिलं. पक्षाघातानं ओढलेला तो चेहरा इतका उजळू शकतो, हे मला माहीत नव्हतं. माझ्यासाठी तो तसा कधी उजळला नव्हता, तेही सांगते. तिनं माझ्या हातातलं पातेलं डाव्या हातानं ओढून घेतलं. इतक्या दिवसांत तिनं कुठलंही भांडं स्वतः धरलं नव्हतं. थोडं सांडलं. तिनं ते दत्तूसमोर धरलं.

"दत्तू. घे."

"राहू दे, आई, तू पी," दत्तू म्हणाला. एकदा म्हणाला. मग त्यानं पातेलं घेतलं आणि उभ्याउभ्या तोंडाला लावलं. मी बघत राहिले. मला वाटलं, एक घोट घेईल आईचं मन राखायला. त्यानं सगळं संपवलं. खाली ठेवलं, हातानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "लय भारी झालंय, आक्का. थोडं गोड कमी हाय."

त्यानंतर मी जे बोलले ते गावात पोचलंय. पण अर्धंच पोचलंय, म्हणून सगळं लिहिते.

मी म्हटलं, "ते तिचं जेवण होतं. सगळ्या दुपारचं. तुला दिसलं नाही?"

"आईनंच दिलं ना? मी मागितलं का?"

"तू कधीच मागितलं नाहीस, दत्तू. तुला मागायची वेळच आली नाही. तुझ्या समोर येत गेलं आणि तू गिळत गेलास. कुणाच्या तोंडचं आहे हे एकदा तरी मान वर करून बघितलंस?"

"एका ग्लासासाठी एवढं?"

"एकाच ग्लासासाठी! आपल्या घरात एकच ग्लास होता!"

"आक्का, तू आजारी माणसासमोर..."

"चल, निघ. माझ्या घरातून निघ. आणि येताना तिच्यासाठी एक केळंसुद्धा आणलं नाहीस, ते पण बघून घे."

त्यानं हेल्मेट उचललं. दारात थांबून म्हणाला, "गावात सगळे म्हणतात ते खरं हाय. तुला कुणाचं चांगलं बघवत नाय." आणि गेला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, लांब जाऊन विरला.

आई दाराकडे बघत होती. मी नवा शेक केला, पातेल्यात ओतला, पळीनं कडा खरवडल्या. माझा पेला प्यायले. ओठ पुढे केला. तिनं हात उचलला नाही. म्हटलं, "दत्तूनं पिला आई, तू पाहिलंस ना? आता हे धुवण." तिनं ओठ मिटले.

मी पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी केलं, तिसऱ्या दिवशी केलं. नागली पाण्यात शिजवून दिली, कोको काढून दिला, गुळाचा खडा घालून दिला. आमचे हे पहिल्यांदा मला न विचारता बोलले, "दत्तूला फोन कर." मी फोन केला. हो, केला. त्यानं उचलला नाही. पुन्हा केला, तेव्हा त्याची बायको म्हणाली, ते ड्यूटीवर आहेत. ह्यांनी रिक्षा काढली, गोंद्याला गेटवर जाऊन उभे राहिले. दत्तू बाहेर आला आणि म्हणाला, "तिनं हाकललंय. आता तिनंच घ्यायला यावं." मी गेले नाही. आईला एकटं टाकून कशी जाणार होते? आणि ती एकटी नसती तरी गेले असते का, ते मला विचारू नका.

शेवटी नळी घातली. मनगट धरायलाही तिच्यात जोर राहिला नव्हता. छातीत कफ झाला. दवाखान्यातच गेली. दत्तू अग्नी द्यायला वेळेवर आला. खूप रडला. खरंच रडला, नाटक नव्हतं. त्यालाही ती हवीच होती. फक्त तिला काय हवं होतं, हे बघायची त्याला सवयच लावली नव्हती कुणी.

आणि दहाव्याला ती बाई बोलली. गाडीवरचं पाजलं, चॉकलेट पाजलं. मंडपात दत्तू माझ्यापासून चार हातांवर बसला होता, डोकं भादरलेलं. त्यानं ऐकलं. साऱ्या गावात तो एकटाच होता ज्याला माहीत होतं त्या पातेल्यात काय होतं. त्यानं ते प्यायलं होतं. तळापर्यंत. त्यानं एक शब्द टाकला असता, "नाय हो, नागली होती, दूध होतं, लय भारी होतं," तर विषय तिथंच मिटला असता. तो खाली बघून दर्भाची काडी मोडत राहिला.

आईचं जाणं मी पचवीन. वय होतं, लकवा होता. दत्तूनं ते पातेलं प्यायलं, तेही एखाद्या दिवशी पचवीन, कारण ते त्याच्यापुढे तिनंच धरलं होतं. पण त्याचं ते गप्प बसणं माझ्या घशाखाली उतरत नाही. त्याचा भाव मी कमी करणार नाही.

गावच्या घरी मी आता जात नाही. म्हैस केव्हाच गेली, दत्तूच्या फ्रिजमध्ये पिशवीचं दूध असतं. त्यानं नागली लावणंही सोडलं, डोंगरउताराची वरकस जमीन धरणाच्या बाजूच्या कुठल्यातरी बंगल्यावाल्याला दिली. गावातलं माझं जे काही उरलंय ते घोटीच्या बाजारात गोणपाटावर मांडलेलं असतं, आणि मी ते वर दोन मुठी घेऊन विकत आणते. ज्या पोरी बाहेर पडल्या त्यांना मी एवढंच सांगीन, गावाकडून काही घेऊन निघायचं असेल तर पिशवीत मावेल तेवढंच मिळतं. माझ्या पिशवीत नागली होती. घर म्हणून मला दाखवायला तेवढंच आहे.

दुपारची गर्दी ओसरली, प्रेसची शिफ्ट सुटून माणसं घरी गेली की मी दुकानातला मिक्सर धुते. भांड्यात पाणी घालते, खळबळते. ते मोरीत ओतायला माझा हात जात नाही. पेल्यात ओतते आणि उभ्याउभ्या पिते. अर्धं झालं की हात आपोआप थांबतो, पेला पुढे येतो. समोर रस्ता असतो, रिक्षा असतात, कुणीही नसतं.

मग उरलेलं अर्धंही मी पिऊन टाकते. माझ्या वाट्याचं मी आता कुणासाठी सोडत नाही.